‘कसदार’ शब्द नेमका कुठे वापरायचा?

दरवेळी ‘भारी’ नाहीतर ‘टॉप क्वालिटी’ लिहून कंटाळा आला असेल तर ‘कसदार’ वापरून बघा, म्हणजे थोडंच असेल पण आतून दम असलेलं. मूळ संस्कृत ‘कष’, म्हणजे घासणं, आणि सोनं घासून बघायचा दगडसुद्धा, त्यातूनच कस आणि कसोटी आले, शेपटीचं ‘दार’ मात्र फारसी, दुकानदार-जमीनदारवालं (घराचं दार नव्हे हां).

वापरायचा कसा ते आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेत कळतं. निफाड-पिंपळगावकडे विरळणी करताना घडातले चांगले मणी कात्रीने कापून टाकतात, बघताना जीव हळहळतो राव, पण उरलेले मस्त टपोरे होतात. असं काही सांगायचं असेल तिथे शब्द फिट बसतो: कसदार जमीन, कसदार लेखन, कसदार अभिनय. ‘कसदार मोबाईल’ नका लिहू, कानाला खटकतं.

जेवणाबद्दल असेल तर ‘सकस’ घ्या. उलट अर्थाला ‘निकस’, आणि इथेच सगळे घसरतात कारण ‘निकष’ वेगळा, तो म्हणजे पारखायचं माप, तोही ‘कष’च्याच घरातला.