ग्रीनशेजारचा बंकर: या चुका टाळा

गोल्फमध्ये ग्रीनशेजारच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीलगतच्या, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दोन प्रकारचे अपघात पुन्हा पुन्हा घडतात. एकात क्लबची, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीची, कड थेट चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू गोळीसारखा सुटून ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. दुसऱ्यात क्लब चेंडूच्या बराच मागे वाळूत रुततो आणि चेंडू हातभर पुढे सरकून बंकरमध्येच राहतो. हे दोन्ही फटके परस्परविरुद्ध दिसत असले, तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते. चेंडू उचलून बाहेर काढण्याचे काम खेळाडू स्वतःच्या मनगटांवर घेतो. वास्तविक ते काम क्लबच्या तळाचे आहे. त्या तळाला त्याचे काम करू न देणे हीच बंकरमधील मूळ चूक आहे आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात, असे माझे ठाम मत आहे.

सँड वेज (वाळूतून खेळण्याचा क्लब) डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून त्याचा तळ एकदा नीट पाहावा. पुढची धारदार कड थोडी वर असते आणि तळाचा मागचा भाग तिच्यापेक्षा खाली उतरलेला असतो. या उताराला बाउन्स म्हणतात. सर्वसाधारण सँड वेजचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूकडच्या बाजूचा (चेहऱ्याचा) कल, ५४ ते ५६ अंश आणि बाउन्स १० ते १४ अंश असतो. वाळूत शिरताना हा फुगीर तळ होडीच्या बुडासारखा वागतो; तो क्लबला खोल जाऊ देत नाही, चेंडूखालून सरकवत पुढे नेतो आणि वाळूचा एक पातळ थर चेंडूला आपल्याबरोबर बाहेर घेऊन येतो. पूर्वीच्या खेळाडूंकडे असा तळ नव्हता, त्यांच्या निब्लिकची (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबची) कड वाळूत सरळ रुतत असे. अमेरिकन खेळाडू जीन सारझन यांनी तळाला धातूचा जादा थर जोडून हा दोष दूर केला आणि तोच क्लब घेऊन १९३२ साली इंग्लंडमधील सँडविच येथे प्रिन्सेस मैदानावर ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा जिंकली. आज हा तळ प्रत्येकाच्या बॅगेत आहे, पण उभे राहण्याच्या पद्धतीतच आपण तो निकामी करतो, याची अनेकांना कल्पना नसते.

तो निकामी होण्याचा सर्वांत सामान्य मार्ग म्हणजे हात चेंडूच्या पुढे ढकलून उभे राहणे. चिप, म्हणजे ग्रीनजवळून गवतावरचा छोटा फटका, मारताना ही सवय उपयोगी पडते, परंतु बंकरमध्ये दांडा लक्ष्याकडे कलला की बाउन्स नाहीसा होतो आणि धारदार कड फावड्यासारखी खाली जाते. म्हणून चेंडू डाव्या टाचेच्या जवळपास ठेवावा, हात किंचित खाली आणावेत आणि दांडा जवळजवळ सरळ उभा ठेवावा. (येथील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी त्या उलट घ्याव्यात.)

दुसरी चूक इतकी बारीक आहे की ती करणाऱ्यालाही दिसत नाही. क्लबचा चेहरा उघडायचा असतो हे सर्वांनी ऐकलेले असते, म्हणून खेळाडू आधी ग्रिप घट्ट धरतो आणि मग मनगटे वळवून चेहरा उघडतो. चेंडूपर्यंत येताना हात आपल्या नैसर्गिक जागी परततात, चेहरा पुन्हा बंद होतो आणि क्लब रुततो. योग्य क्रम याच्या उलट आहे. डाव्या हाताने दांडा सैल धरून आधी क्लब हवा तेवढा उजवीकडे फिरवावा आणि तो तसाच ठेवून मगच नेहमीची ग्रिप घ्यावी. उघडलेला चेहरा आता लक्ष्याच्या उजवीकडे पाहतो, ते सावरण्यासाठी पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवावेत.

वजन मागे, मनगटे वर

चेंडू हवेत जावा या इच्छेने उजव्या पायावर रेलणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तिच्याविरुद्ध जाणीवपूर्वक प्रयत्न करावा लागतो. वजन मागे राहिले की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या कितीतरी मागे पडतो. मग क्लब एकतर तिथेच रुततो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या मध्यावर आदळतो. सुरुवातीपासून साठ टक्के वजन डाव्या पायावर द्यावे आणि फटका पूर्ण होईपर्यंत ते तिथेच राहू द्यावे. उभे राहताना पाय वाळूत थोडे रोवावेत. त्यामुळे आधार मिळतो आणि वाळू किती खोल, किती मऊ आहे हेही नियम न मोडता तळपायांना समजते.

नजर चेंडूवर खिळवणे हीदेखील चूकच आहे. या फटक्यात क्लबचा चेंडूला स्पर्शच होत नाही, मग त्याकडे पाहायचे कशाला? चेंडूच्या मागे सुमारे दोन इंचांवर, म्हणजे साधारण तीन बोटांच्या अंतरावर, वाळूचा एखादा कण निवडावा आणि त्याकडे पाहावे. इथे नवशिक्यांना दिलासा देणारी एक गोष्ट आहे. तळ सरकत असेल, तर क्लब चेंडूमागे एक इंचावर शिरला काय किंवा तीन इंचांवर शिरला काय, चेंडू बाहेर येतोच. फरक पडतो तो अंतरात. फेअरवेवरील (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरील) पूर्ण फटक्यात एवढी सूट मिळत नाही.

फटका मध्येच थांबवणे

या चुकीवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण तंत्र पाठ असलेले खेळाडूही इथे हरतात. फ्लॅग (होलमधला झेंडा) दहा यार्डांवर असतो, बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणे) मोठा झाल्याचे खेळाडूला वर गेल्यावर जाणवते आणि चेंडू फार लांब जाईल या धास्तीने तो खाली येताना हात आवरतो. वाळू मात्र क्लबची बरीचशी शक्ती शोषून घेते, त्यामुळे आवरलेला क्लब चेंडूखाली पोहोचेपर्यंत थिजतो. ढोबळ अंदाज असा ठेवावा की दहा यार्डांच्या बंकर शॉटला गवतावरील तीस यार्डांच्या फटक्याएवढी स्विंग लागते. अंतर कमीजास्त करायचे असेल, तर ते स्विंगच्या लांबीने करावे. वेग मध्येच तोडून करू नये. छाती लक्ष्याकडे वळेपर्यंत फॉलो-थ्रू (फटक्यानंतरचा क्लबचा पुढचा प्रवास) पूर्ण झाला पाहिजे. फ्लॅग तीस-चाळीस यार्डांवर असेल, तर सँड वेज जिवाच्या आकांताने फिरवण्यापेक्षा त्याच स्विंगने गॅप वेज किंवा पिचिंग वेज (कमी लॉफ्टचा वेज) वापरावा.

पावसाळ्यातील वाळू

मुंबई-पुण्यात खेळणाऱ्यांना जून ते सप्टेंबर एका वेगळ्याच बंकरशी सामना करावा लागतो. उन्हाळ्यातील भुसभुशीत वाळूत उघडा चेहरा आणि भरपूर बाउन्स वरदान ठरतो. पाऊस पडून दबलेल्या वाळूत तोच बाउन्स डांबरावर आपटल्यासारखा उसळतो आणि कड चेंडूच्या मध्यावर बसते. जुलैतल्या एका सकाळी एकाच फेरीत तीन वेळा माझा चेंडू असाच ग्रीनपलीकडे गेला आणि तिन्ही वेळा मी दोष स्विंगला दिला. दोष वाळू न वाचण्याचा होता. ओल्या वाळूवर पाय रोवताना खसखस आवाज न होता टाच वरच अडली, की चेहरा जवळजवळ सरळ ठेवावा, कमी बाउन्सचा क्लब निवडावा आणि स्विंग थोडी लहान करावी. चेंडू नेहमीपेक्षा वेगाने निघेल आणि उतरल्यावर अधिक धावेल, हे गृहीत धरावे.

याच्या उलट, चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल, तर तळ सरकवण्याचा नियम बाजूला ठेवावा लागतो. इथे कड खोल जायलाच हवी. चेहरा सरळ किंवा किंचित बंद ठेवून क्लब उभ्या कोनातून चेंडूमागे उतरवावा. फॉलो-थ्रू आपोआप तोकडा राहील. चेंडू बुटका निघतो आणि लांब घरंगळतो, म्हणून फ्लॅगजवळ थांबवण्याची अपेक्षा ठेवू नये.

फेअरवेवरील बंकर हा पूर्णपणे वेगळा विषय आहे, कारण तिथे आधी चेंडूला आणि मग वाळूला क्लब लागायला हवा. एवढेच सांगतो की बंकरची समोरची कड सहज पार होईल असा लॉफ्ट आधी निवडावा आणि अंतराचा विचार त्यानंतर करावा.

नियम आणि निर्णय

बंकरमध्ये चेंडूच्या लगत पुढे किंवा मागे क्लब टेकवणे, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला स्पर्श करणे आणि बॅकस्विंगमध्ये वाळू हलवणे, या तिन्हींना स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळप्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे. २०१६ च्या अमेरिकन महिला ओपनच्या प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळात) स्वीडनच्या ॲना नॉर्डक्विस्ट यांच्या क्लबने बॅकस्विंगमध्ये वाळूचे मोजके कण हलले, ते कॅमेऱ्याने टिपले आणि त्या दंडामुळे विजेतेपदाची संधी हुकली. २०१९ पासून पाने, खडे, काटक्या हाताने उचलण्यास मात्र परवानगी आहे. ज्यांना हे ठाऊक नसते, ते आजही चेंडूमागच्या पानावरून फटका मारतात.

निर्णयाची चूक तंत्राच्या चुकीपेक्षा महाग पडते. २००३ च्या ओपनमध्ये, सँडविचमधल्याच रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर, आघाडीवर असलेल्या डेन्मार्कच्या थॉमस ब्यॉर्न यांचा चेंडू सोळाव्या होलवरील बंकरमधून दोनदा बाहेर येऊन उतारावरून दोनदा परत वाळूत घरंगळला आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. त्यांचा चेंडू बाहेर निघत होता. फक्त सुरक्षित जागेपर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून बंकर आणि फ्लॅग यांच्यामध्ये उतार असेल, तर फ्लॅगच्या पलीकडचा सपाट भाग लक्ष्य धरावा आणि तिथून लांबचा पट (ग्रीनवरून चेंडू होलकडे घरंगळवण्याचा फटका) स्वीकारावा. समोरची भिंत डोक्याएवढी असेल, तर आडवे किंवा मागे खेळण्यात कमीपणा मानू नये.

सरावासाठी एकच गोष्ट करावी. सराव बंकरमध्ये बोटाने एक सरळ रेघ ओढावी, ती डाव्या टाचेपासून थोडी आत येईल असे उभे राहावे आणि चेंडू न ठेवता रेघेवरून वाळू पुढे उडवावी. एक पाऊल सरकून पुन्हा तेच करावे. दहा-बारा फटक्यांनंतर वाकून खुणा पाहाव्यात. खड्डा रेघेवर सुरू होऊन वीतभर लांब आणि उथळ असेल, तर तळ सरकतो आहे; रेघेच्या मागे सुरू होत असेल, तर वजन उजव्या पायावर आहे; आखूड आणि खोल असेल, तर हात पुढे आहेत किंवा चेहरा बंद होतो आहे. सलग पाच खुणा एकसारख्या दिसू लागल्या, की रेघेच्या पुढे तीन बोटांवर चेंडू ठेवावा आणि तरीही नजर रेघेवरच ठेवावी.