एकट्या पडलेल्या बदकाला नवी सोबत कशी जुळवून द्यावी

परसातल्या दोन-तीन बदकांपैकी बाकीची कोल्ह्याने, रानमांजराने किंवा भटक्या कुत्र्यांनी नेली आणि एकच मागे उरले, की ते दिवसभर हाका मारत राहते, त्याचे खाणे कमी होते आणि घरातले कोणी अंगणात आले की ते पायांत घुटमळू लागते. बदक हा थव्याने जगणारा पक्षी आहे. खाणे, पोहणे, पिसे साफ करणे ही सगळी कामे बदके एकमेकांच्या बरोबरीने करतात. थवा झोपतो तेव्हाही कडेचे बदक एक डोळा उघडा ठेवून राखण करते. एकट्या उरलेल्या बदकाला ही राखण अखंड स्वतःच करावी लागते, म्हणून त्याला सोबत हवी आणि ती बदकाचीच हवी.

‘कोंबड्यांत सोडून द्या, रमेल’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि तो चुकीचा आहे. बदक चोचीने पाणी उडवून सगळे खुराडे ओले करते आणि त्या ओलीचा त्रास कोंबड्यांना होतो. उरलेले बदक नर असेल तर प्रश्न याहून गंभीर आहे, कारण नर बदकाला कोंबड्याला नसलेले लिंग असते आणि तो कोंबड्यांवर चढू लागला तर त्यांना आतून इजा होऊन त्या दगावू शकतात. आरसा लावण्याचा उपायही मला मान्य नाही. बदक त्या आरशासमोर ताटकळत उभे राहते, पण त्याला हाकेचे उत्तर मिळत नाही.

आधी कारण तपासावे

सोबती शिकारी प्राण्याने नेला असेल तर खुराड्याची जाळी आणि कडी दुरुस्त करून पुढच्या कामाला लागावे. तो आजारी पडून मेला असेल तर मात्र थांबावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि गरज पडल्यास नमुने तिकडे जातात. एकाच वेळी अनेक पक्षी मेले असतील तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणी क्षेत्र म्हणून जाहीर होतो आणि पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी येते. त्या काळात नवे बदक आणण्याचा विचारही करू नये.

किती आणि कोणती

नवी बदके दोन आणावीत. एकच आणले तर जुन्या बदकाचा सगळा राग त्या एकावर निघतो आणि उद्या त्या दोघांतले एक गेले की आपण पुन्हा याच जागी येतो. उरलेली मादी असेल तर दोन माद्या आणाव्यात. अंड्यांसाठी नराची गरज नसते, पिल्ले हवी असतील तरच नर लागतो. उरलेला नर असेल तर त्याला एकच मादी कधीही आणून देऊ नये, कारण तो तिच्यावर वारंवार चढून तिच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसे उपटून काढतो. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात असे मी मानतो. तेवढी जागा नसेल तर एकट्या नराला दुसऱ्या नराची सोबत द्यावी. आसपास एकही मादी नसेल तर दोन नर सहसा शांतपणे राहतात.

शक्यतो जुन्या बदकाच्याच जातीची किंवा अंगाने त्याच्याएवढी बदके घ्यावीत. खाकी कॅम्पबेल आणि गावठी बदके सहज जुळतात. मस्कोव्ही या अवजड जातीच्या बदकाचा नर मात्र पाच किलोच्या आसपास भरतो, या जातींच्या दोन किलोच्या मादीला त्याचे वजन पेलत नाही आणि त्यांच्या संकरातून होणारी पिल्ले पुढे प्रजननक्षम नसतात. एक दिवसाची पिल्ले आणून मोठ्या बदकाजवळ सोडण्याचा मोह टाळावा. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या सरकारी केंद्रासारख्या ठिकाणी खाकी कॅम्पबेल आणि व्हाइट पेकिनची पैदास होते, पण अशा ठिकाणाहून आणलेली पिल्ले अंगावर पूर्ण पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण आठ आठवडे, वेगळीच वाढवावी लागतात आणि तेवढे दिवस जुने बदक एकटेच राहते.

तळ्यावर उतरणारे हळदी-कुंकू बदक किंवा अडई पकडून आणण्याचे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. ते वन्य पक्षी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

निवड करताना

शक्य असेल तर आठवडी बाजारापेक्षा पाळणाऱ्याच्या घरी जाऊन बदके घ्यावीत, म्हणजे ती कुठे राहतात आणि काय खातात हे डोळ्यांनी पाहता येते. डोळे स्वच्छ असावेत, नाकपुड्यांतून बुडबुडे येत नसावेत, गुदद्वाराजवळची पिसे विष्ठेने माखलेली नसावीत, तळपायावर काळी खपली धरलेली सूज नसावी आणि जमिनीवर सोडल्यावर बदक लंगडता कामा नये.

नर-मादी ओळखण्यासाठी शेपटीवरच्या मुरडलेल्या पिसावर विसंबू नये. वयात आलेल्या नराला ते पीस असते, पण पिसे गळण्याच्या काळात ते पडते. बदक हातात घ्यावे आणि आवाज ऐकावा. मादी मोठ्याने, खणखणीत ओरडते; नराचा आवाज घसा बसल्यासारखा, हलका येतो. मस्कोव्हीला ही खूण लागू नाही. त्यात नर मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठा असतो आणि त्याच्या तोंडाभोवतीच्या लाल गाठी ठळक असतात.

बाजारात बदके पायांना धरून उलटी लटकवलेली दिसतात. बदकाचे पाय कोंबडीच्या पायांइतके मजबूत नसतात, सांध्यातून निखळतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात देऊनच बदक उचलावे आणि विकणाऱ्यालाही तसेच उचलायला सांगावे. नेण्यासाठी तळाला पेंढा घातलेली हवेशीर करंडी पुरते.

वेगळे ठेवण्याचा महिना

नवी बदके किमान तीन आठवडे, शक्य असेल तर महिनाभर, जुन्या खुराड्यापासून तीस फुटांवर तरी ठेवावीत. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. खाणे-पाणी आधी जुन्या बदकाला द्यावे, मग नव्यांना. हिरवट पातळ हगवण, चिकट डोळे, मान पाडून बसणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना बोलवावे. जंताचे औषध आणि बदकांच्या प्लेगची लस यांबद्दलही याच काळात त्यांना विचारून घ्यावे.

खाद्याबद्दल एकच ताकीद देतो. कोकणातल्या दमट हवेत साठवलेल्या शेंगदाणा पेंडीला आणि मक्याला बुरशी लवकर लागते आणि त्या बुरशीच्या विषाला बदक कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त बळी पडते. वास आलेली पेंड उन्हात वाळवून घालू नये. उन्हाने बुरशी सुकते, विष तसेच राहते. ती पेंड फेकून द्यावी.

जाळीतून ओळख

या टप्प्याने मला सर्वांत जास्त झुंजवले आहे आणि बहुतेकांची बदके याच टप्प्यावर जखमी होतात.

‘रात्री अंधारात नवे पक्षी गुपचूप खुराड्यात सोडावेत, सकाळी सगळे एकत्र उठतात आणि भांडण होत नाही’ हा सल्ला कोंबड्या पाळणाऱ्यांकडून आलेला आहे. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही आणि ती आढ्यावर निपचित बसते, म्हणून कोंबड्यांच्या बाबतीत तो कधी कधी चालतो. बदकाला रात्रीही बरेच दिसते, ते रात्री जागे असते, फिरते आणि खाते. बंद खुराड्यात, अंधारात, पळायला जागा नसलेल्या नव्या बदकावर जुने बदक रात्रभर तुटून पडते आणि ते आपल्याला सकाळी कळते. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

त्याऐवजी महिना संपल्यावर नव्या बदकांचा पिंजरा जुन्या बदकाच्या वावरण्याच्या जागेला लागून आणावा आणि मध्ये फक्त तारेची जाळी ठेवावी. जाळीची भोके एक इंचापेक्षा मोठी नसावीत, कारण डोके पलीकडे जाईल एवढे भोक असेल तर मान अडकते किंवा पलीकडचे बदक ती पकडते. नायलॉनची मासेमारीची जाळी अजिबात वापरू नये. तिच्यात पाय आणि चोच गुंतते. खाण्याची पाटी आणि पाण्याचे घमेले जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर ठेवावे, म्हणजे खायचे असेल तर एकमेकांजवळ यावेच लागते. पहिले काही दिवस जुने बदक जाळीच्या कडेने येरझारा घालील, मान लांब करून फुत्कारील, जाळीला चोच मारील. त्याला तसे करू द्यावे. हाकलू नये, ओरडू नये, आणि मुख्य म्हणजे दया येऊन जाळी लवकर काढू नये.

जाळी केव्हा काढावी याचे उत्तर तारखेत शोधू नये. काही बदकांना आठवडा पुरतो, काहींना तीन आठवडे लागतात. पाहायची खूण अशी आहे: दुपारच्या वेळी दोन्ही बाजूंची बदके जाळीला चिकटून, चोच पिसांत खुपसून झोपली पाहिजेत, एकाने पंख साफ करायला घेतला की पलीकडचेही तेच करू लागले पाहिजे, आणि नवी बदके नजरेआड नेली तर जुन्याने त्यांना हाक मारली पाहिजे. ही तीनही लक्षणे सलग दोन-तीन दिवस दिसल्याशिवाय जाळीला हात लावू नये. जुनी मादी अंड्यांवर बसलेली असेल तर ती उठेपर्यंत सगळाच बेत पुढे ढकलावा.

पहिली भेट सकाळी घडवावी, म्हणजे संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवता येते. जागा दोघांचीही नसावी; जुन्या बदकाचे खुराडे बंद ठेवून पोफळीच्या वाडीत किंवा खळ्यात, जिथे कोपऱ्यात कोंडले जाण्याची भीती नाही अशा मोकळ्या ठिकाणी सगळ्यांना एकदम सोडावे. खाणे एका पाटीत न देता कणी आणि चिरलेला पाला लांबवर पसरून टाकावा. पाण्याची घमेली तीन-चार, एकमेकांपासून दूर ठेवावीत, कारण जुने बदक एका घमेल्यावर हक्क सांगते, सगळ्यांवर सांगू शकत नाही.

ही भेट टाकीत, विहिरीच्या हौदात किंवा तळ्यात कधीही घडवू नये. खोल पाण्यात नर मादीवर चढला तर तिचे डोके पाण्याखाली जाऊन ती बुडू शकते. शिवाय बाजारातून आणलेल्या बदकांना अंघोळीची सवय नसेल तर त्यांच्या पिसांत तेल नीट पसरलेले नसते, ती भिजून जड होतात आणि उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या हौदातून त्यांना बाहेर येता येत नाही. बदक बुडते यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण ते बुडते. म्हणून वेगळे ठेवलेल्या महिन्यात नव्या बदकांना उथळ घमेल्यात रोज अंघोळ करू द्यावी.

भेटीत छातीला छाती लावून रेटणे, मानेची पिसे ओढणे, चार-सहा पावले पाठलाग करून थांबणे हे सर्व होणारच. ते थांबवू नये. थव्यात कोणी पुढे राहायचे हे ठरल्याशिवाय शांतता येत नाही आणि आपण प्रत्येक पाठलागाला नवे बदक उचलून घेतले तर ते कधीच ठरत नाही. रक्त दिसले, एकाने दुसऱ्याची मान धरून सोडलीच नाही, नवे बदक डोके लपवून जमिनीवर पसरले, किंवा त्याला एकाही घमेल्याजवळ जाऊ दिले जात नसले, तर मात्र त्याच क्षणी सगळ्यांना पुन्हा जाळीच्या दोन बाजूंना न्यावे आणि आणखी आठवडाभर तिथेच ठेवावे. नर अनावर झाला असेल तर माद्यांना मोकळे ठेवून त्यालाच जाळीमागे ठेवावे.

त्यानंतर

पहिल्या दिवशी तास-दोन तास एकत्र ठेवावे, मग वेळ वाढवीत न्यावी. दिवसा पूर्ण शांतता दिसेपर्यंत रात्री वेगळेच झोपवावे. एकाच खुराड्यात घ्यायचे तेव्हा प्रत्येक बदकामागे चार-पाच चौरस फूट जागा असावी आणि तळाला कोरडा तूस किंवा पेंढा जाडसर अंथरावा. जागा बदलल्याने माद्या काही दिवस अंडी देणे थांबवतात. त्यासाठी खाद्यात काहीही बदल करू नये.

कधी कधी नव्या दोघी आपापसांतच राहतात आणि भांडण नसूनही जुने बदक बाजूलाच पडते. महिनाभरात हे बदलले नाही तर दोघींपैकी जी जास्त धीट आहे तिला जाळीपलीकडे ठेवावे आणि दुसरीला जुन्या बदकाबरोबर राहू द्यावे. आठवड्याभरात ती दोघे एकमेकांच्या मागे चालू लागतात. मग धीट मादीला परत आणावे. आता ती त्या जोडीत सामील होते.

जाळी आणि तिचे खांब मोडीत काढू नयेत. पावसाळ्यात एखादे बदक आजारी पडून आठवडाभर वेगळे ठेवावे लागले, तर परत आणताना त्यालाही दोन-तीन दिवस जाळीमागे ठेवावे लागते, कारण तेवढ्या काळात थव्यातली त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.