पासवर्ड बदलला तरी डेटाबेस ऐकत नाही: डॉकर कंपोजवर पहिलं ॲप चढवणाऱ्यांसाठी

इमेज म्हणजे काय, कंटेनर म्हणजे काय, कंपोजची यामल फाइल कशी दिसते, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. मांडणी नेहमीचीच आहे: एक वेब ॲप, शेजारी पोस्टग्रेस हा डेटाबेस, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या ॲपपर्यंत पोचवणारा सर्व्हर). स्वतःच्या लॅपटॉपवर हे उभं करणं अवघड नाही. खऱ्या सर्व्हरवर आणल्यावर, पासवर्ड बदलल्यावर, काही महिन्यांनी आवृत्ती वाढवायला गेल्यावर गाठी बसू लागतात. त्यातली एक गाठ मला इतकी छळून गेली की तिच्याबद्दल मी लांबण लावणार आहे.

पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजला आपण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कंटेनर सुरू होताना त्याला दिलेल्या मूल्यांतून) युजर, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव देतो. ही मूल्यं वापरली जातात फक्त एकदा, डेटा डिरेक्टरी रिकामी असते तेव्हा. कंटेनर सुरू होताना त्यातली स्क्रिप्ट आधी डेटाची जागा तपासते. ती रिकामी असेल तर डेटाबेस घडवते, युजर बनवते, त्याला पासवर्ड लावते आणि इनिशियलायझेशनच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या तुमच्या एसक्यूएल फाइल चालवते. जागा रिकामी नसेल तर यातलं काहीही करत नाही. लॉगमध्ये 'स्किपिंग इनिशियलायझेशन' अशी एक ओळ येते, इतर ओळींच्या गर्दीत ती कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि जुना डेटाबेस जसाच्या तसा सुरू होतो. घराचा नकाशा नव्याने काढला म्हणून उभी भिंत सरकत नाही, तसंच हे.

आता यातून काय घडतं ते पाहा. चाचणीसाठी आपण साधा पासवर्ड ठेवतो. ॲप चालतं, आपण खूश होतो, आणि सर्व्हर जगाला दाखवण्याआधी शहाण्यासारखा डॉट-एन्व्ह फाइलमध्ये (कंपोज ही मूल्यं जिथून वाचतं तिथे) लांबलचक पासवर्ड घालतो. कंपोज पुन्हा उठवल्यावर ॲपच्या कंटेनरला नवा पासवर्ड मिळतो. डेटाबेसच्या कंटेनरलाही तोच मिळतो, पण तो त्याकडे बघतसुद्धा नाही. ॲपच्या लॉगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं. दोन्ही कंटेनरमधली व्हेरिएबलं काढून शेजारी ठेवली तरी अक्षर न् अक्षर जुळतं, आणि इथेच आपली दिशा चुकते. आपण अवतरणचिन्हं तपासतो, नेटवर्क तपासतो, कंटेनर काढून नवा करतो, इमेज पुन्हा खेचतो. यांतल्या कशानेही फरक पडणार नाही, कारण खरा पासवर्ड इमेजमध्येही नाही आणि कंटेनरमध्येही नाही. तो व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या डेटाच्या जागेत आहे. कंटेनर कितीदाही बदला, तेच व्हॉल्यूम परत जोडलं जातं.

दुसरी फसगत याहून वाईट. खात्री करायला आपण एक्झेक (चालू कंटेनरच्या आत आज्ञा चालवणारा आदेश) करून डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरतो, पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसशी बोलणारा प्रोग्राम चालवतो, आणि सरळ आत जातो. मग वाटतं, पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे ॲपच बिघडलंय. तो निष्कर्ष चूक आहे. अधिकृत इमेज कंटेनरच्या आतून, म्हणजे युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनमधल्या जोडणीवरून) किंवा १२७.०.०.१ वरून (मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावरून) आलेल्या जोडणीला 'ट्रस्ट' देते. तिथे पासवर्ड तपासलाच जात नाही, अगदी चुकीचा दिला तरी चालतो. खरी परीक्षा घ्यायची असेल तर पीएसक्यूएलला होस्ट म्हणून डेटाबेस सर्व्हिसचं कंपोजमधलं नाव द्या. मग जोडणी कंटेनरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून येते आणि पासवर्ड खरोखर मागितला जातो. हा एक फरक कुणी मला वेळेवर सांगितला असता तर माझी झोप वाचली असती.

घाबरू नका, यात डेटा कुठेही गेलेला नसतो. ज्या उघड्या दाराने फसवलं, त्याच दाराने दुरुस्तीही होते. आत शिरा, पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश लावून 'पासवर्ड' ही आज्ञा द्या, युजरचं नाव द्या, आणि डॉट-एन्व्हमध्ये आहे तोच पासवर्ड दोनदा टाइप करा. 'अल्टर रोल' लिहूनही हे होतं, पण मग पासवर्ड पीएसक्यूएलच्या आज्ञांच्या इतिहासात उघडा पडून राहतो. त्यानंतर ॲपचा कंटेनर रीस्टार्ट करा. काम झालं.

मदत मागायला गेलात की मात्र हमखास दुसराच सल्ला मिळेल: कंपोज 'डाउन' (कंटेनर थांबवून काढून टाकणारा आदेश) करताना 'व्ही' हा पर्याय लावा आणि परत उठवा. त्याने खरंच चालू होतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. 'व्ही' म्हणजे व्हॉल्यूमसुद्धा पुसा. जागा रिकामी झाली, इनिशियलायझेशन पुन्हा झालं, नवा पासवर्ड लागला, आणि आतलं सगळं गेलं. 'आत कामाचा डेटा आहे का?' हा प्रश्न न विचारता जो हा पर्याय सुचवतो, त्याला कितीही वर्षांचा अनुभव असू दे, त्याचं ऐकू नका. माझं हे मत ठाम आहे. चांगला मार्गदर्शक आधी लॉग मागतो, मग व्हॉल्यूमची यादी मागतो, आज्ञा शेवटी सांगतो.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या अधिकृत इमेजही ही मूल्यं फक्त रिकाम्या डेटा डिरेक्टरीवरच वापरतात, तेव्हा डेटाबेस बदलून सुटका नाही.

याच घराण्यातली आणखी एक गोष्ट. कंपोज व्हॉल्यूमच्या नावापुढे प्रोजेक्टचं नाव जोडतं, आणि प्रोजेक्टचं नाव तुम्ही दिलं नसेल तर फोल्डरच्या नावावरून घेतं. फोल्डरचं नाव बदललं किंवा फाइल दुसरीकडे हलवली की नव्या नावाचं रिकामं व्हॉल्यूम तयार होतं, आणि ॲप 'पहिला ॲडमिन बनवा' असं पान दाखवतं. ते पान पाहून पोटात गोळा येतो. पण डॉकरला व्हॉल्यूमची यादी विचारा, जुनं व्हॉल्यूम तिथेच असतं. नव्यात काही भरू नका. कंपोज फाइलच्या वरच्या पातळीवर 'नेम' लिहून जुनं प्रोजेक्ट नाव कायम करा, सगळं परत दिसेल. मी ही ओळ आता प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या दिवशीच लिहिते.

माउंटच्या जागेबद्दलही, म्हणजे व्हॉल्यूम कंटेनरमध्ये जिथे जोडतो त्याबद्दलही, सावध राहा. आवृत्ती १७ पर्यंत पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये डेटा 'डेटा' नावाच्या उपडिरेक्टरीत असायचा आणि व्हॉल्यूम नेमकं तिथे जोडावं लागायचं. एक पातळी वर जोडलं तर डॉकर खालच्या डिरेक्टरीसाठी गुपचूप एक निनावी व्हॉल्यूम करतो, डेटा त्यात जातो आणि पुढच्या 'डाउन'-'अप'नंतर दिसेनासा होतो. आवृत्ती १८ पासून हे उलटलं आहे: डेटाच्या मार्गात आवृत्तीचा आकडा आला आणि व्हॉल्यूम वरच्या डिरेक्टरीला जोडायचं असतं. म्हणून कुठूनही उचललेली कंपोज फाइल आधी इमेजच्या आवृत्तीशी ताडून पाहा. फाइल उचलायला माझी ना नाही, पण न वाचलेली एकही ओळ सर्व्हरवर जाऊ देऊ नका.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग (आवृत्ती सांगणारी खूण) देऊ नका. ॲपला देऊ नका, आणि डेटाबेसला तर अजिबात नको. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की जुन्या डेटा फाइल नव्या सर्व्हरला वाचता येत नाहीत, तो सुरूच होत नाही. जुना टॅग परत लिहिला की पुन्हा चालू होतो, एवढा दिलासा आहे. मुख्य आवृत्ती चढवायची तर डंप (डेटाबेसमधल्या सगळ्याची निर्यात) काढून नव्यात भरणं हा नवख्यासाठी सर्वांत समजणारा मार्ग. डेबियनवरच्या इमेजवरून अल्पाइनवरच्या इमेजवर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) त्याच व्हॉल्यूमसह उडी मारू नका. दोन्हींची सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलतात आणि मजकुरावरचे इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या याद्या) चुकीची उत्तरं देऊ शकतात.

बाकीचं भराभर सांगते. ॲपच्या कंटेनरमधून 'लोकलहोस्ट' म्हणजे ॲपचाच कंटेनर, म्हणून डेटाबेसचा होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव द्या. 'डिपेंड्स ऑन' एवढंच लिहिलं तर कंपोज डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंत थांबतं, डेटाबेस तयार होईपर्यंत नाही. डेटाबेसच्या हेल्थचेकमध्ये 'पीजी इजरेडी' (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारा आदेश) लावा आणि 'डिपेंड्स ऑन'मध्ये 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घाला. पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर कंपोज त्याला व्हेरिएबल समजू शकतं, आणि डेटाबेसचा पत्ता यूआरएल म्हणून देत असाल तर ॲट किंवा स्लॅशनेही घोळ होतो. ओपनएसएसएल या साधनाकडून हेक्स अक्षरांचा (० ते ९ आणि ए ते एफ) लांब पासवर्ड घ्या, ही कटकटच मिटते. कंपोजचा 'कॉन्फिग' आदेश सगळी मूल्यं भरून अंतिम फाइल दाखवतो, तो रोज वापरावा इतका उपयोगी आहे. फक्त त्यात पासवर्ड उघडे दिसतात, म्हणून ते मदतीसाठी कुणाला जसंच्या तसं पाठवू नका.

पोर्टबद्दल मात्र थांबून वाचा. ५४३२ हे पोर्ट कंपोजमध्ये प्रकाशित केलंत तर डेटाबेस सर्व्हरच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकू लागतो. यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलमध्ये ते बंद केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकर स्वतःचे नियम लावतो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. ॲप आणि डेटाबेस एकाच कंपोज नेटवर्कवर असताना ते पोर्ट प्रकाशित करायची गरजच नसते. स्वतःला बाहेरून डेटाबेस बघायचा असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा आणि एसएसएच टनेलमधून (सर्व्हरवर लॉगिन करून मिळणाऱ्या सुरक्षित वाटेने) या. रिव्हर्स प्रॉक्सी त्याच सर्व्हरवर कंटेनरबाहेर असेल तर ॲपच्या पोर्टलाही हाच नियम लावा.

बटणं दाबून कंटेनर चालवणारी पॅनेलं आणि कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा), दोन्ही सध्या बाजूला ठेवा. एका सर्व्हरवरच्या एका ॲपला कंपोज पुरतं, आणि लॉग स्वतः वाचायची सवय पॅनेलमुळे लागत नाही. लॉगवरून आठवलं: डॉकरच्या मूळ सेटिंगमध्ये लॉग फाइलला आकाराची मर्यादा नसते. 'मॅक्स साइझ' आणि 'मॅक्स फाइल' आजच लिहा, नाहीतर डिस्क भरेल आणि डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबेल.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूमची फाइल-कॉपी घेऊ नका, तिच्यातला डेटा अर्धवट अवस्थेत असू शकतो. पीजी डंप हा डंप काढणारा आदेश वापरा. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) एक्झेक करताना मोठा 'टी' पर्याय लावा, कारण तिथे टर्मिनल नसतं. मग तीच कंपोज फाइल दुसऱ्या प्रोजेक्ट नावाने आणि वेगळ्या पोर्टवर उठवा, आधी फक्त डेटाबेस, त्यात डंप भरा, मग ॲप सुरू करा आणि एखादी जुनी नोंद उघडून पाहा. नाव वेगळं असल्याने व्हॉल्यूमही वेगळं होतं आणि खऱ्या डेटाला धक्का लागत नाही. नोंद दिसली पण तिला जोडलेलं चित्र दिसलं नाही, तर अपलोड केलेल्या फाइल डंपमध्ये येत नाहीत हे लक्षात घ्या. त्यांचं व्हॉल्यूम निराळं असतं, आणि त्याचा बॅकअप त्याच रात्री, डंपच्या पाठोपाठ घ्यावा लागतो.