डॉकरची कमांड देण्याआधी: टर्मिनलमधल्या व्हेरिएबल्सची तयारी

बाकी काहीही करण्याआधी टर्मिनलमध्ये डॉकर_होस्ट हे व्हेरिएबल (नावाने साठवलेली किंमत) सेट आहे का ते बघा. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. लॅपटॉपवरचे कंटेनर (डॉकरने वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्राम) काढायला दिलेली 'डॉकर कंपोज डाउन', तीही व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरचा साठवलेला डेटा, पुसणाऱ्या 'व्ही' पर्यायासकट, सगळ्यांच्या टेस्ट सर्व्हरवर जाऊन चालली. 'नक्की ना?' असं ती कमांड विचारत नाही.

आपण टाइप करतो तो डॉकर हा नुसता क्लायंट. काम करतो डीमन, म्हणजे मागे चालू असलेला डॉकरचा प्रोग्राम, आणि तो कुठल्या मशीनवरचा हे डॉकर_होस्ट ठरवतं. 'कॉन्टेक्स्ट यूज' देऊन तुम्ही निवडलेला कॉन्टेक्स्टही (कुठल्या डीमनशी बोलायचं याची नावानिशी नोंद) त्याच्यापुढे चालत नाही. खरी फसगत पुढेच आहे: हे व्हेरिएबल सेट असताना 'डॉकर कॉन्टेक्स्ट शो' विचारलं तर उत्तर येतं 'डिफॉल्ट'. ते वाचून आपण आपल्याच मशीनवर आहोत असं समजू नका. 'डॉकर इन्फो' चालवा आणि त्यातलं 'नेम' वाचा, ते डीमनच्या मशीनचं नाव असतं. बाइंड माउंट केलेला, म्हणजे मशीनवरून थेट कंटेनरला जोडलेला, फोल्डर कंटेनरमध्ये अचानक रिकामा दिसला, तरी आधी हाच संशय घ्या, कारण तो पाथ डीमनच्या मशीनवर शोधला जातो, तुमच्या नाही.

हे व्हेरिएबल येतं कुठून? बहुतेक वेळा आपणच आणतो. लॅपटॉपवर छोटा क्लस्टर चालवणाऱ्या मिनिक्यूबचं 'डॉकर-एन्व्ह' इव्हॅलमधून (आउटपुट शेलमध्येच, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्येच, चालवणारी कमांड) चालवलं की डॉकर_होस्टसोबत टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) आणि सर्टिफिकेटच्या पाथची व्हेरिएबल्सही त्या शेलमध्ये बसतात आणि शेल बंद होईपर्यंत बसून राहतात. काम झालं की तीच कमांड 'अनसेट' पर्यायासह पुन्हा इव्हॅल करा. बॅशआरसीमध्ये (नवं शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) तर डॉकर_होस्टचा एक्स्पोर्ट कधीच ठेवू नका. टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक पेन, म्हणजे कप्पे, उघडणारं साधन) वापरत असाल तर जास्त जपा: अशा शेलमधून टीमक्सचा सर्व्हर सुरू झाला असेल, तर नंतर उघडलेल्या प्रत्येक पेनमध्ये ते व्हेरिएबल येतं. दूरच्या मशीनवर मुद्दाम काम करायचं असेल तर एक्स्पोर्ट करूच नका, प्रत्येक कमांडला 'कॉन्टेक्स्ट' पर्याय द्या. चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतील, लागू देत. आणि २३७५ पोर्टवर उघडा टीसीपी डीमन नको. तिथे एन्क्रिप्शन नसतं आणि ओळखही तपासली जात नाही. एसएसएच (दूरच्या मशीनशी एन्क्रिप्टेड जोडणी) वापरा.

आता पासवर्ड आणि टोकन. कमांडमध्ये कंटेनरला व्हेरिएबल देणाऱ्या 'ई' पर्यायापुढे किंमत लिहिली की ती शेलच्या हिस्टरीत राहते. 'रीड'ला 'एस' पर्याय देऊन, म्हणजे टाइप केलेलं स्क्रीनवर न दाखवता, ती व्हेरिएबलमध्ये घ्या, एक्स्पोर्ट करा आणि 'ई'पुढे फक्त नाव लिहा, किंमत शेलमधून उचलली जाते. तरीही 'डॉकर इन्स्पेक्ट' करू शकणाऱ्या कुणालाही ती दिसते, हे धरून चाला. डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवायची कृती) एन्व्ह म्हणून गुपित लिहिणं पूर्ण बंद: ते इमेजमध्येच जातं आणि इमेज जिथे जाईल तिथे पोहोचतं. बिल्ड आर्ग्युमेंटही सुरक्षित नाही, ते 'डॉकर हिस्टरी'त दिसू शकतं. बिल्डच्या वेळी टोकन लागत असेल तर बिल्डकिटचं (डॉकरचा इमेज बनवणारा भाग) सीक्रेट माउंट वापरा.

व्हेरिएबल्स लिहिलेली डॉट-एन्व्ह फाइल गिटइग्नोर आणि डॉकरइग्नोर (गिटने आणि डॉकरने वगळायच्या फाइल्सच्या याद्या), दोन्हींत टाका. दुसरीत नसेल तर डॉकरफाइलमधली 'कॉपी डॉट डॉट' ही सगळा फोल्डर उचलणारी ओळ ती मुकाट्याने इमेजमध्ये नेते.

कंपोजमध्ये (एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणारा डॉकरचा भाग) दोन गोष्टींची गल्लत होते. डॉट-एन्व्ह फाइल कंपोज फाइलमधल्या डॉलर चिन्हाने दाखवलेल्या जागा भरते. कंटेनरच्या आत व्हेरिएबल्स नेते ती एन्व्ह_फाइल. त्या जागा भरताना शेलमधली किंमत डॉट-एन्व्हवर मात करते, म्हणजे सकाळी एक्स्पोर्ट केलेलं डेटाबेसचं नाव दुपारी फाइल बदलूनही तसंच राहतं. 'डॉकर कंपोज कॉन्फिग' चालवून शेवटी काय ठरलं ते बघा, पण ते आउटपुट जसंच्या तसं कुणाला पाठवू नका, त्यात पासवर्डही उघडे असतात. साध्या 'डॉकर रन'ला दिलेल्या एन्व्ह-फाइलमध्ये अवतरणचिन्हं नकोत, ती किंमतीचाच भाग होतात. कंपोज ती काढून टाकतं, म्हणून एकीकडे चालणारी फाइल दुसरीकडे बिघडते.

नवीन टर्मिनल उघडलंत? डॉकर_होस्ट बघा. जेवून आलात? बघा. 'प्रून' (न वापरलेलं पुसणारी कमांड) किंवा 'डाउन' देणार आहात? हात थांबवा आणि 'डॉकर इन्फो'तलं नाव पुन्हा वाचा. कंटाळा आला तरी वाचा.

उरलेलं थोडक्यात. किंमत बदलल्यावर 'रीस्टार्ट' पुरत नाही, 'अप' देऊन कंटेनर नव्याने बनवा. पासवर्डमध्ये डॉलर असेल तर कंपोज फाइलमध्ये तो दोनदा लिहा. गुपित गिटमध्ये गेलंच, तर आधी ते बदला, रिपॉझिटरी साफ नंतर करा.