माळावरचं गवत कधीपर्यंत पुरेल?

आमची वरकस, म्हणजे हलकी माळाची जमीन मुरबाड तालुक्यात, मी राहते ठाण्यात, वर्तकनगरला. सहा एकर माळ, पाच म्हशी आणि आप्पांचा ठरलेला हिशोब: "गवत कंबरेएवढं आलंय, पुरेल." दोन वर्षांपूर्वी ते पुरलं नाही. ऐन फेब्रुवारीत महागाचा पेंढा घ्यावा लागला, तेव्हापासून मी मोजते.

आपल्याकडे पाऊस पुरून उरतो, त्यामुळे चाऱ्याचं गणित त्यावर फारसं अडत नाही. पण तो गेला की गवताची वाढ थांबते आणि जूनपर्यंत आहे त्यातच भागवायचं. म्हणजे अंदाज बांधायचा तो वजाबाकीने. मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो. त्यानंतरचा आठवडा गाठा. गवत निसवलेलं, म्हणजे तुरे आलेलं असतं, पण कुसळं गुरांच्या तोंडात रुतण्याइतकी कडक झालेली नसतात.

वायरिंगच्या पाइपची चौकट करा, आतून १ मीटर लांब, १ मीटर रुंद. माळावर सरळ चालत सुटायचं आणि दर तीस पावलांनी पाय थांबेल तिथेच ती टाकायची. आप्पा हमखास ओढ्याकडच्या दाट गवताकडे बोट दाखवतात. ऐकायचं नाही, तिथेच फसगत होते. चौकटीतलं सगळं विळ्याने बुडापासून कापा, त्यातून टाकळा, रानमोडी, टणटणी ही गुरं न खाणारी तणं वेचून फेका आणि उरलेलं तोला. अशा दहा चौकटी तरी हव्यात.

ओल्या वजनाला अर्थ नाही, पाणी वजा करावं लागतं. सगळ्या चौकटींतलं मूठमूठ गवत एकत्र करून मी पिशवीत गच्च बांधून ठाण्याला आणते. बारीक कातरून बरोबर १०० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला. तो विसरलात तर गवत पेटेल. आधी तीन मिनिटं, मग एकेक मिनिट, दर वेळी तोलायचं. दोनदा तोच आकडा आला की झालं. घरात दोन दिवस गोठ्याचा वास राहतो आणि आई बोलते.

गेल्या खेपेचा आमचा हिशोब असा. चौकटीमागे सरासरी ९०० ग्रॅम ओलं, १०० ग्रॅमचे वाळून ४० राहिले, म्हणजे ३६० ग्रॅम कोरडं. एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून एकरी साधारण १,४५० किलो. त्यातलं निम्मं जमिनीसाठी, बियांसाठी आणि तुडवणीत जाणारं म्हणून सोडायचं. उरले ७२५, सहा एकरांचे ४,३५०. चारशे किलोची म्हैस दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे १० किलो कोरडा चारा खाते. पाच म्हशींना ५०. झाले ८७ दिवस. १ नोव्हेंबरपासून मोजलं तर २६ जानेवारी. "म्हणजे झेंडावंदनापर्यंतच?" आप्पा म्हणाले आणि भातकापणी होताच, भाव पडलेला असताना, पेंढा बोलून ठेवला.

उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात, कोपर्निकस ब्राउझरवर. त्यातल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि दर पाच दिवसांनी नवं चित्र. पावसाळ्यात ढगांखेरीज काही दिसत नाही. शिवाय हिरवं दिसलं म्हणजे चारा नव्हे, टाकळाही तितकाच हिरवा. मी चित्र बघते ते डिसेंबरात. सगळा माळ पिवळा पडल्यावर जो गुंठा हिरवागार राहतो, तो बहुधा रानमोडीचा नाहीतर ओढ्याकाठच्या झाडांचा. तेवढा पुढच्या वर्षीच्या एकरांतून वजा.

हवामान खात्याचा अंदाज बघायचा तो कापणीसाठी. सलग चार कोरडे दिवस दिसल्याशिवाय विळा लावू नका, कापलेलं गवत भिजलं की काळं पडतं, बुरशी धरते. आणि वणवा लागला तर सगळा हिशोब शून्य. बांधाकडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, नोव्हेंबरातच काढून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी पाच चौकटी पुन्हा टाकून तारीख सुधारून घ्यायची. चौकट सध्या आप्पांनी गोठ्याच्या आढ्याला टांगली आहे. पाइप चांगला आहे म्हणे, घेवड्याचा वेल चढवायला होईल.