गिटारचा पिकअप बदलताना

गणपतीच्या मंडपात गिटार अँपला जोडली की नुसती घूं... बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, हे गाऱ्हाणं ऐकू येतं. आणि लगेच निदान ठरतं: पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-गुंडाळीचा भाग) गेला, नवा मागवा.

आधी थांबा. अँप चांगलं अर्थिंग असलेल्या दुसऱ्या प्लगला लावून बघा. मंडपातल्या जोडणीत अर्थिंगच नसतं, असं कितीदा तरी होतं. तरी घूं राहिली आणि गिटारला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, असेल, तर तो त्याचा स्वभावच आहे. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ती एकच गुंडाळी पकडते. हंबकर या दुसऱ्या प्रकारच्या पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या आणि त्यांचे चुंबक उलटसुलट असल्यामुळे ही गुणगुण आपसात कटते. १९५५ साली गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने हंबकर तयार केला तो यासाठीच.

दुसरं म्हणजे उंची. शेवटच्या पट्टीवर तार दाबा आणि पिकअप व तार यांतलं अंतर मोजा. हंबकरला साधारण २ मिमी, सिंगल कॉइलला अडीच-तीन. सिंगल कॉइल फार वर आला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. नुसता स्क्रू फिरवून पुष्कळांचं समाधान होतं, पैसे वाचतात.

बदलायचाच ठरला, तर आधी माप घ्या. हंबकरला दोन्ही बाजूंच्या तारांखालच्या खुंट्यांमधलं अंतर सुमारे ५० किंवा ५३ मिमी असतं. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) चुंबक सौम्य आणि मोकळा वाजतो, सिरॅमिक जास्त धारदार. भजन, भावगीत, जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्याला मी अल्निकोच सांगेन. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम), हंबकरला ५०० के. हंबकर २५० केवर लावला तर आवाज मळकट होतो.

आता काम. गिटारच्या तारा आणि झाकण काढा आणि आतल्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा, जवळून आणि उजेडात. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि अख्खी रात्र रंग जुळवण्यात गेली. रंगांवर अंदाज बांधू नका: सिमोर डंकन या कंपनीच्या पिकअपच्या चार वायरींत काळी सिग्नलची, तर डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल. सोबतचा कागद पाहाच.

सोल्डर राळेच्या गाभ्याचा ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) घ्या. पॉटची पाठ पॉलिश पेपरने खरवडा, सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा, मग सोल्डर द्या. टाका चकचकीत हवा. राखाडी, खडबडीत दिसला तर पुन्हा तापवा. पिकअपच्या अंगाला मात्र आयर्न लावू नका, आतलं मेण आणि केसासारखी तार उष्णता सोसत नाही.

तारा चढवण्याआधी व्हॉल्यूम कमी ठेवून अँप लावा आणि प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. निवडलेल्या पिकअपवर "ठक" ऐकू यायला हवं. तारा चढवून वाजवताना दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर एकाच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात. अदलाबदल करा, टक-ठक पुन्हा घ्या, मगच झाकण बसवा.