हॅलोविनला भुताटकीचे गेम खेळायचेत? मग हे वाचा

सगळ्यात आधी हेडफोन लावा, खरंच सांगतो, हॉरर गेममध्ये अर्धी भीती आवाजातच असते आणि टीव्हीच्या स्पीकरवर ती सगळी वाया जाते. मग गेमच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसचा तो फिकट लोगो येतो ना, तो जेमतेम दिसेल इतकाच ठेवा, उगाच वाढवू नका.

आता गेम कुठला? पहिल्यांदाच खेळत असाल तर लुईजीज मॅन्शन ३ घ्या, २०१९ च्या ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनलाच आलेला, व्हॅक्यूम क्लीनरने भुतं ओढायची, लहान मुलंही मजेत खेळतात. थोडं अंगावर येणारं हवं तर लिटल नाइटमेअर्स, पिवळा रेनकोट घातलेली एवढीशी पोरगी आणि तिच्यामागे लागलेली ती अवाढव्य माणसं.

पण माझं मत विचाराल तर एलियन आयसोलेशन (२०१४). त्यात सेव्ह करायला भिंतीवरच्या फोनमध्ये कार्ड घालून दिवे लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात एलियन मागून येऊन मारू शकतो! पळू नका, चालत जा, तो जवळ असेल तर हातातला ट्रॅकर (जवळपासची हालचाल दाखवणारं यंत्र) खाली ठेवा कारण ट्रॅकरचा आवाजही एलियनला ऐकू जातो.

मित्र जमले तर फॅस्मोफोबिया, चौघांपर्यंत खेळता येतो, माइक चालू ठेवा कारण भूत तुमचं बोलणं ऐकतं.

आणि एका वेळी तास-दीड तासच खेळा, त्यापुढे भीतीची सवय होते आणि मजा जाते.